शिक्षण, स्थलांतर आणि संधी : आफ्रिकी विद्यार्थ्यांविषयीच्या अर्थशास्त्रीय संशोधनाचा परामर्श

१. प्रास्ताविक

शिक्षणावर होणारा खर्च ही एक गुंतवणूक आहे, हा विचार थिओडोर शुल्ट्झ व गॅरी बेकर यांच्या लेखनामुळे १९६० च्या दशकापासून अर्थशास्त्रात रुजला. गुंतवणूक म्हटली की तिचा परतावा कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न ओघाने येतोच. समजा, घानातील एका खेड्यातील मुलगी सरकारी शाळेत शिकली, परिचारिका झाली आणि पुढे लंडनच्या रुग्णालयात नोकरीला लागली. तिच्या शिक्षणाचा बराचसा भार घानाच्या करदात्यांनी उचलला. सेवा मात्र इंग्लंडमधील रुग्णांना मिळाली. या व्यवहारात घानाचे नुकसान झाले असे आपण सहजपणे म्हणतो. परंतु परदेशी जाण्याची शक्यताच नसती, तर ती मुलगी परिचारिका होण्याइतके शिकली असती काय? आणि तिच्यासारख्याच आशेने शिकलेल्या, परंतु घानातच राहिलेल्या तिच्या वर्गमैत्रिणींची नोंद कोणत्या खात्यात करावयाची?

प्रस्तुत लेखाचा उद्देश या प्रश्नांच्या अनुषंगाने सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेविषयी झालेल्या काही महत्त्वाच्या अर्थशास्त्रीय संशोधनांचा परिचय करून देणे हा आहे. लेख बहुविद्याशाखीय वाचकांसाठी असल्याने सांख्यिकी तपशील टाळून संशोधनाची पद्धत व निष्कर्ष यांवर भर दिला आहे. शिक्षणातून स्थलांतर घडते हे सर्वमान्य आहे. परंतु स्थलांतराच्या शक्यतेतूनही शिक्षण घडते, आणि त्याचा लाभ मूळ देशाला मिळतो की नाही हे तेथील शाळा-महाविद्यालयांच्या व रोजगाराच्या स्थितीवर ठरते, असे या संशोधनातून दिसते.

२. बुद्धिवंतांच्या बहिर्गमनाचा जुना हिशेब

सुशिक्षितांच्या बहिर्गमनाची, म्हणजे आपण ज्याला सर्रास 'ब्रेन ड्रेन' म्हणतो त्याची, सैद्धांतिक चर्चा १९७० च्या दशकात जोमाने झाली. तिच्या अग्रभागी जगदीश भगवती होते. १९३४ साली मुंबईत जन्मलेल्या भगवती यांनी जपानी अर्थतज्ज्ञ कोइची हमादा यांच्यासमवेत १९७४ साली लिहिलेल्या शोधनिबंधात, सुशिक्षितांच्या बहिर्गमनाचा मागे राहणाऱ्यांच्या वेतनावर व रोजगारावर होणारा परिणाम तपासला. स्थलांतरितांच्या परदेशातील उत्पन्नावर कर आकारून त्यातून मूळ देशांना भरपाई मिळावी, ही भगवती यांची सूचना 'भगवती कर' या नावाने ओळखली जाते. ती प्रत्यक्षात आली नाही. परंतु शिक्षणाचा खर्च एकाने करावा आणि लाभ दुसऱ्याने घ्यावा यातील अन्याय तिने नेमका दाखवून दिला.

आफ्रिकेच्या बाबतीत ही चिंता डॉक्टर व परिचारिकांच्या संदर्भात अधिक तीव्र आहे. मायकेल क्लेमेन्स व गुनिला पेटरसन यांनी प्रगत देशांच्या जनगणनांवरून केलेल्या गणनेनुसार, २००० च्या सुमारास आफ्रिकेत जन्मलेले सुमारे ६५ हजार डॉक्टर व ७० हजार परिचारिका प्रगत देशांत कार्यरत होत्या. आफ्रिकेत जन्मलेल्या एकूण डॉक्टरांपैकी हे प्रमाण सुमारे एक-पंचमांश, तर परिचारिकांपैकी सुमारे एक-दशांश होते. हे आकडे वाचताना एक सावधगिरी आवश्यक आहे. 'आफ्रिकेत जन्मलेला' या व्याख्येत वसाहतकाळात तेथे जन्मलेले व स्वातंत्र्यानंतर युरोपला परतलेले गोरेही येतात. अंगोला व मोझांबिक हे देश १९७५ साली पोर्तुगालपासून स्वतंत्र झाले. त्यांच्या आकड्यांबाबत ही बाब विशेष महत्त्वाची ठरते.

या हिशेबाची खरी मर्यादा मात्र वेगळीच आहे. त्यात सुशिक्षितांची संख्या आधीच ठरलेली आहे असे गृहीत धरले जाते. त्यातून जितके गेले तितके वजा केले की नुकसान निघते.

३. आशेचा परिणाम : केप व्हर्दीचे उदाहरण

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अँड्र्यू माउंटफर्ड, ओडेड स्टार्क प्रभृती अर्थतज्ज्ञांनी या गृहीतकालाच आव्हान दिले. त्यांचा युक्तिवाद एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. एका गावात १०० मुले आहेत. बाहेर जाण्याची वाट बंद असताना त्यांपैकी १० मुले पदवीपर्यंत शिकतात, कारण गावात पदवीला फारशी किंमत नाही. वाट उघडते तेव्हा परदेशी नोकरीच्या आशेने २० मुले पदवी घेतात. प्रत्यक्षात त्यांतील ६ जणांनाच जाता येते. गावात १४ पदवीधर उरतात, म्हणजे पूर्वीपेक्षा ४ अधिक. परंतु ६ ऐवजी १२ जण गेले तर गावात ८ च उरतील आणि गावाचे नुकसान होईल. अर्थात लाभ की हानी हे दोन गोष्टींवर ठरते : आशेने किती अधिक मुले शिकली आणि त्यांतील किती गेली.

तर्क सुसंगत असला तरी तो प्रत्यक्षात उतरतो का, हे पाहणे आवश्यक होते. कातिया बातिस्ता, आयतोर लाकुएस्ता व पेद्रो विसेंते यांनी ही परीक्षा केप व्हर्दी या देशात केली. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून दूर अटलांटिक महासागरात असलेला हा छोटा द्वीपसमूह पिढ्यानपिढ्या स्थलांतर करीत आला आहे; सुशिक्षितांच्या बहिर्गमनाचे प्रमाण आफ्रिकेत सर्वाधिक असलेला देश म्हणून तो उल्लेखिला जातो. या संशोधकांनी त्यासाठी खास कुटुंब-सर्वेक्षण केले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा : भविष्यात स्वतः स्थलांतर करण्याची शक्यता १० टक्के अंकांनी वाढली, तर वयाच्या सोळाव्या वर्षापूर्वी देश न सोडलेल्यांमध्ये माध्यमिक शिक्षणाचा मधला टप्पा पूर्ण करण्याची शक्यता सुमारे ४ टक्के अंकांनी वाढते. जाण्याची आशा मुलांना शाळेत टिकवून ठेवते, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होय.

मात्र यावरून बहिर्गमन सर्वत्र हितकारकच असते असा अर्थ काढणे धाडसाचे होईल. मिशेल बेन, फ्रेदेरिक दोकिए व हिलेल रापोपोर्ट यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या विकसनशील देशांच्या तुलनात्मक अभ्यासात, स्थलांतराच्या शक्यतेमुळे शिक्षणाला चालना मिळते हे मान्य केले. त्याचबरोबर लाभ झालेल्या देशांपेक्षा हानी झालेल्या देशांची संख्या अधिक असल्याचेही त्यांनी दाखविले. ज्या देशातून सुशिक्षितांचा फार मोठा हिस्सा निघून जातो, तेथे आशेने वाढलेले शिक्षण ती पोकळी भरून काढू शकत नाही. आपल्या काल्पनिक गावातील १२ जण जाण्याची स्थिती ती हीच.

४. मजुरीतून फी : मलावीच्या खाणकामगारांचा अनुभव

स्थलांतर करणारा स्वतः अशिक्षित असला तरी त्याच्या मुलांच्या शिक्षणावर परिणाम होतो, हे मलावीच्या इतिहासावरून दिसते. मलावीतील पुरुष दीर्घकाळ दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत कराराने काम करीत असत. १९६७ साली भरतीवरील मर्यादा सैल झाल्याने ही संख्या झपाट्याने वाढली. एप्रिल १९७४ मध्ये घरी परतणाऱ्या खाणकामगारांचे विमान बोट्स्वानातील फ्रान्सिसटाउन येथे कोसळून ७० हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष हेस्टिंग्ज बांडा यांनी भरती थांबवून कामगारांना परत बोलाविले. जाण्याची वाट अशी एकदा अचानक रुंदावली आणि काही वर्षांतच अचानक बंद झाली.

टॅरिन डिंकेलमन व मार्टिन मारिओती यांनी जुन्या जनगणना व भरतीच्या नोंदी संगणकावर आणून या दोन घटनांचा उपयोग 'नैसर्गिक प्रयोग' म्हणून केला. भरती केंद्रे ज्या भागांना जवळची होती आणि ज्यांना दूरची होती, त्यांची तुलना त्यांनी केली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, खाणीतील कामाची संधी सर्वाधिक सुलभ असलेल्या भागांत, त्या काळात शाळेच्या वयात असलेल्या पिढीचे शिक्षण वीस वर्षांनंतरही ४.८ ते ६.९ टक्क्यांनी अधिक आढळले.

खाणीतील कामाला शिक्षण लागत नव्हते. त्यामुळे येथे केप व्हर्दीप्रमाणे आशेचा परिणाम संभवत नाही. मलावीत प्राथमिक शिक्षण १९९४ पर्यंत निःशुल्क नव्हते; बापाच्या मजुरीतून मुलांची फी भरली गेली, असाच याचा अर्थ लावावा लागतो. शिवाय हे स्थलांतर चक्राकार होते : माणूस जात असे, कमावून परतत असे आणि कमाई गावात येत असे.

५. शाळेची दारे आणि शाळेतील जागा

शिक्षणाची मागणी आशेने वा पैशाने वाढली तरी ती सामावून घेण्यास शाळा हवी. आफ्रिकेतील अनेक देशांनी १९९० नंतर प्राथमिक शिक्षणाची फी रद्द केली : मलावीने १९९४ मध्ये, युगांडाने १९९७ मध्ये, केनियाने २००३ मध्ये. मलावीतील पटसंख्या सुमारे १९ लाखांवरून २९ लाखांवर गेली. युगांडात ती सुमारे ३१ लाखांवरून ५३ लाखांवर, तर केनियात सुमारे ५९ लाखांवरून ७२ लाखांवर पोहोचली. 'गरीब पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही' हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. त्यांना महत्त्व कळत होते. फी परवडत नव्हती. परंतु वर्ग, शिक्षक व पुस्तके त्या वेगाने वाढली नाहीत. वर्ग खच्चून भरले आणि केनियात ऐपत असलेली अनेक कुटुंबे खासगी शाळांकडे वळली.

पुढचा अडसर माध्यमिक स्तरावरचा. एस्थर डुफ्लो, पास्कलीन ड्युपा व मायकेल क्रेमर यांनी घानामध्ये २००८ पासून केलेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. माध्यमिक शाळेत प्रवेश मिळालेला, परंतु पैशाअभावी शाळेत जाऊ न शकलेल्या २,०६४ मुलामुलींमधून ६८२ जणांना सोडत काढून शिष्यवृत्ती देण्यात आली. सोडतीमुळे दोन्ही गट आरंभी सारखे होते. म्हणून पुढे दिसलेला फरक शिष्यवृत्तीचाच, असे म्हणता येते. बारा वर्षांच्या माहितीवरून असे दिसले की शिष्यवृत्तीधारकांचे शिक्षण, ज्ञान व आरोग्यविषयक दक्षता वाढली आणि मुलींमधील जननप्रमाण घटले. रोजगाराच्या बाबतीत मात्र अकरा वर्षांनंतर केवळ मुलींना लाभ झाल्याचे आढळले, आणि तोही प्रामुख्याने मर्यादित जागा असलेल्या सरकारी नोकऱ्यांमधून.

हा शेवटचा निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे. नोकऱ्यांच्या जागा तेवढ्याच राहिल्या, तर एकीला मिळालेली नोकरी ही दुसरीची हुकलेली नोकरी असू शकते. घानाने सप्टेंबर २०१७ पासून उच्च माध्यमिक शिक्षण सर्वांसाठी निःशुल्क केले; तेव्हा हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो. स्वदेशात शिक्षणाला साजेसे काम नसेल, तर परदेशाकडे नजर लागणे स्वाभाविक आहे.

६. देशांतर्गत स्थलांतर : मूल कोठे वाढते?

स्थलांतराची चर्चा परदेशगमनापुरती सीमित ठेवणे चुकीचे होईल. आफ्रिकेतील असंख्य कुटुंबे देशातल्या देशात, खेड्याकडून शहराकडे जातात. आल्बेर्तो आलेसिना, सेबास्टियन होमान, स्टेलिओस मिखालोपुलोस व एलियास पापायोआनू यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २७ देशांतील २,८०० हून अधिक प्रदेशांच्या जनगणनांचा उपयोग केला. त्यांचा प्रश्न साधा होता : प्राथमिक शिक्षण पूर्ण न केलेल्या आईबापांचे मूल ते पूर्ण करील, याची शक्यता किती? दक्षिण आफ्रिका व बोट्स्वाना येथे ती ७० टक्क्यांहून अधिक, तर मोझांबिक, इथिओपिया व मलावी येथे २० टक्क्यांहून कमी आढळली. एकाच देशातही तफावत प्रचंड आहे. केनियाच्या वायव्येकडील तुर्काना भागात हे प्रमाण सुमारे ५ टक्के, तर नैरोबीच्या वेस्टलँड्स भागात सुमारे ८५ टक्के दिसते.

शहरात येणारी कुटुंबे मुळातच अधिक जिद्दी असतील आणि फरक त्यामुळे दिसत असेल, अशी शंका येथे घेता येईल. म्हणून संशोधकांनी एकाच कुटुंबातील भावंडांची तुलना केली. स्थलांतराच्या वेळी धाकटे भावंड पाच वर्षांचे आणि थोरले अकरा वर्षांचे असेल, तर धाकट्याला नव्या ठिकाणी अधिक वर्षे मिळतात. आईबाप तेच राहतात. कुटुंबाच्या जिद्दीचा वाटा मोठा असला तरी ठिकाणाचाही स्वतंत्र परिणाम होतो, असे त्यातून दिसले. पाच ते बारा या वयात संधिसंपन्न प्रदेशात घालविलेले प्रत्येक जादा वर्ष प्राथमिक शिक्षण पूर्ण होण्याची शक्यता वाढविते. वसाहतकाळातील रेल्वेमार्ग व मिशनरी केंद्रे, तसेच राजधानी व समुद्रकिनारा यांचे सान्निध्य या घटकांशी आजच्या संधींचा निकटचा संबंध असल्याचेही या अभ्यासात आढळते.

हा क्रम उलट दिशेनेही चालतो. केनियातील बुसिया भागात १९९८ पासून ७५ शाळांत मुलांना जंतनाशक औषध देण्याचा प्रयोग क्रेमर व एडवर्ड मिगेल यांनी अभ्यासला. वीस वर्षांनंतरच्या पाहणीत, ज्यांना दोन-तीन वर्षे अधिक औषध मिळाले होते त्यांचा उपभोग खर्च १४ टक्क्यांनी व ताशी कमाई १३ टक्क्यांनी अधिक आढळली. ते शहरांत राहण्याची शक्यताही ९ टक्क्यांनी अधिक होती. मूळ अभ्यासाच्या फेरतपासणीवरून २०१५ मध्ये बराच वाद झाला, हेही नमूद केले पाहिजे. बालपणीचे आरोग्य, शिक्षण व स्थलांतर हे एकाच साखळीचे दुवे आहेत, एवढे मात्र त्यातून सूचित होते.

७. महाराष्ट्रातील वर्ग आणि आफ्रिकी विद्यार्थी

या विषयाचा आपल्याशी संबंध केवळ पुस्तकी नाही. पुण्यातील महाविद्यालयांना आफ्रिकी विद्यार्थी नवे नाहीत. मॉरिशसहून आलेला एक विद्यार्थी वसतिगृहात काविळीने आजारी पडला आणि एक मुलगी त्याला खिडकीतून जेवण देत असल्याचे पाहून, फर्ग्युसन महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. शां. ब. मुजुमदार यांना परदेशी विद्यार्थ्यांच्या एकाकीपणाची जाणीव झाली. त्यातूनच १९७१ साली 'सिंबायोसिस' उभी राहिली.

उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये भारतात सुमारे ४७ हजार विदेशी विद्यार्थी होते. २०१५ साली नवी दिल्लीत झालेल्या भारत-आफ्रिका शिखर परिषदेत भारताने पाच वर्षांत ५० हजार शिष्यवृत्त्या देण्याचे जाहीर केले. २०२३ मध्ये झांझिबार येथे आय.आय.टी. मद्रासचे केंद्र सुरू झाले. म्हणजे विद्यार्थ्याने शिक्षणाकडे येणे व शिक्षणाने विद्यार्थ्याकडे जाणे, या दोन्ही वाटा आज उपलब्ध आहेत.

आफ्रिकी विद्यार्थ्याच्या दृष्टीने भारताची वाट युरोप-अमेरिकेच्या वाटेहून निराळी आहे. येथे तो प्रामुख्याने शिकण्यासाठी येतो. विद्यार्थी व्हिसावर त्याला नोकरी करता येत नाही. म्हणून त्याच्या पदवीचे मोल मायदेशात किंवा तिसऱ्या देशात ठरते. पदवीची मान्यता, गुणपत्रिका वेळेवर मिळणे, विषयाची उपयुक्तता या आपल्याला कार्यालयीन वाटणाऱ्या गोष्टी त्याच्या कुटुंबाच्या गुंतवणुकीचा परतावा ठरवितात. त्यात सामाजिक वागणुकीचीही भर पडते. २०१६ मध्ये बंगळुरू येथे टांझानियाच्या विद्यार्थिनीवर आणि २०१७ मध्ये ग्रेटर नोएडा येथे नायजेरियाच्या विद्यार्थ्यांवर झालेले हल्ले सर्वांना ठाऊक आहेत. अर्थशास्त्र स्थलांतराच्या खर्चात प्रवासभाडे व फी मोजते. भीती व अपमान हाही त्या खर्चाचाच भाग आहे, आणि तो कमी करणे बऱ्याच अंशी यजमान संस्थेच्या हाती असते.

८. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतील.

(१) बहिर्गमनाचा हिशेब केवळ गेलेल्यांच्या संख्येवरून मांडू नये. जाण्याच्या आशेने शिकून मायदेशी राहिलेले विद्यार्थी त्यात धरले पाहिजेत. मात्र ज्या छोट्या देशांतून सुशिक्षितांचा मोठा हिस्सा जातो, तेथील हानी खरी आहे. तिच्यासाठी भगवतींनी उपस्थित केलेला भरपाईचा प्रश्न आजही शिल्लक आहे.

(२) स्थलांतरामुळे निर्माण झालेली मागणी शिक्षणात उतरण्यासाठी शाळांत जागा व शिक्षक हवेत. मलावी, युगांडा व केनिया यांचा अनुभव फीमाफीचे यश आणि तिची मर्यादा दोन्ही दाखवितो.

(३) शिक्षण वाढले तरी योग्य रोजगार वाढले नाहीत तर लाभ मोजक्यांच्या वाट्याला जातो, हे घानाच्या प्रयोगातून दिसते.

(४) मूल कोणत्या प्रदेशात वाढते याला स्वतंत्र महत्त्व आहे. म्हणून मागास प्रदेशांतील शाळा सुधारणे आणि कुटुंबांना संधीकडे जाऊ देणे, ही धोरणे परस्परपूरक मानावीत.

महाराष्ट्रातील अध्यापक या प्रश्नाच्या दोन्ही टोकांना उभा आहे. आपले गुणी विद्यार्थी परदेशी जातात तेव्हा तो निरोप देणारा असतो; नैरोबी वा खार्टूमहून आलेला विद्यार्थी वर्गात बसतो तेव्हा तो स्वागत करणारा असतो. पहिल्या प्रसंगी 'आपले काय गेले' एवढाच विचार करणे अपुरे आहे. दुसऱ्या प्रसंगी समोरच्या विद्यार्थ्यामागे एका कुटुंबाची बचत आणि त्याच्याकडे पाहून शाळेत टिकून राहिलेली धाकटी भावंडे असू शकतात, याचे भान ठेवणे आवश्यक आहे. विदेशी विद्यार्थ्यांच्या प्रवेशांची संख्या आपल्या संस्था अभिमानाने नोंदवितात. त्यांपैकी किती जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला आणि पुढे त्यांना कोणते काम मिळाले, याचीही पद्धतशीर नोंद महाविद्यालयांनी ठेवल्यास या विषयावरील संशोधनाला एक मोलाचे साधन उपलब्ध होईल.